आफ्रिकेत एका दुपारी जनावराचा माग कसा काढायचा (आणि त्याची तालीम तळजाईवर कशी करायची)

केनियातल्या मसाई माराला जाऊन आलेलं एक तरी कुटुंब आता कोथरूडच्या प्रत्येक सोसायटीत सापडतं आणि त्यांच्या मोबाईलमध्ये जीपमधून काढलेले सिंहाचे फोटो असतात. फोटो मस्त असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ड्रायव्हरला वायरलेसवर कळतं की अमुक झाडाखाली सिंह बसलाय, मग सगळ्या गाड्या तिकडे पळतात, ह्यात आपण स्वतः काय शोधलं? ज्यांना पायी चालत, जमीन बघत एखाद्या दुपारी जनावराच्या मागावर जायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. जनावर दिसेल ह्याची ग्यारंटी शून्य, आणि हे ज्याला चालणार नाही त्याने सरळ जीपच घ्यावी.

आधी जागा नीट निवडा, कारण इथेच बरेच जण फसतात. खुद्द मसाई मारा रिझर्व्हमध्ये पायी फिरायला परवानगी नाही, शेजारच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये (वेगळ्या राखीव जमिनींमध्ये) आहे, तेव्हा टूरवाल्याला पैसे भरायच्या आधी विचारा की वॉक नक्की कुठे आहे. केनियाला जाणार असाल तर यलो फीवरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घेऊन कार्ड जवळ ठेवा, परत येताना आपल्याच एअरपोर्टवर मागतात. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर नॅशनल पार्क सगळ्यात सोपं, तिथल्या सरकारी कॅम्पमधून सकाळचा आणि दुपारचा असे दोन्ही वॉक निघतात, जास्तीत जास्त आठ जण, बरोबर दोन बंदूकधारी गाईड, आणि बारा वर्षांखालची मुलं चालत नाहीत. मलेरियाची भीती वाटत असेल तर जोहान्सबर्गहून अडीचेक तासांवरचं पिलानेसबर्ग बघा, ते मलेरियामुक्त आहे आणि एका विझलेल्या ज्वालामुखीच्या आत वसलंय. क्रूगरला मात्र मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलूनच जा. आणि पैसे असतील तर झांबियातलं साऊथ लुआंग्वा नॅशनल पार्क. नॉर्मन कार ह्या माणसाने 1950च्या दशकात पर्यटकांना पायी फिरवायची पद्धत तिथेच सुरू केली, त्यामुळे वॉकिंग सफारीचं माहेरघर म्हणून अजून त्याच जागेचं नाव घेतात.

दक्षिण आफ्रिका आणि झांबियाचा हंगाम मे ते सप्टेंबर. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथे कोरडा हिवाळा सुरू व्हायची वेळ, गवत खाली बसायला लागतं, पाण्याचे डबके आटत जातात आणि जनावरं उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. एक गोष्ट मात्र पुणेकरांच्या डोक्यात बसत नाही, जून-जुलैमध्ये क्रूगरला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. आपल्याकडे जूनमध्ये सातला उजेड असतो त्या हिशोबाने "जाऊ की चारला निवांत" म्हटलंत तर संपलं. वॉक तीनच्या आसपास निघतो आणि उजेड असेपर्यंतच चालतो.

कपडे खाकी, मातकट, शेवाळी. पांढरं नको, लांबून चमकतं. झांबियाकडे गेलात तर निळं आणि काळंही नको कारण चावणारी त्सेत्से माशी ह्या दोन रंगांवर येते, तिला पकडायचे सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचे करतात. नवीन बूट घालून जाऊ नका, निदान महिनाभर सिंहगड चढून मोडून घ्या. डिओ, परफ्यूम, डोक्याला तेल हे सगळं त्या दिवशी बंद. पाणी दीड लिटर, टोपी, दुर्बीण, आणि वेफर्सची कुरकुरीत पिशवी अजिबात नको, आवाज फार होतो.

आता मुख्य काम. ठसा दिसला की प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे "कुणाचा?" हा प्रश्न सोपा आहे, चार दिवसात येतो. खरा प्रश्न "कधीचा?" हा आहे. सिंहाचा ठसा सापडला आणि तो काल रात्रीचा असला तर सिंह एव्हाना दहा किलोमीटरवर असू शकतो आणि तुम्ही दुपारभर उगाच ऊन खाणार. दीड तासापूर्वीचा असेल तर मात्र आवाज बंद करा आणि गाईडच्या मागे नीट ओळीत या.

तरी "कुणाचा" आधी उरकून घेऊ. मांजर कुळ आणि कुत्रं कुळ ह्यातला फरक पाठ करा, त्याचा उपयोग आयुष्यभर होतो. मांजरांचा ठसा किंचित तिरका असतो, मधल्या दोन बोटांपैकी एक पुढे असतं, नखं उमटत नाहीत आणि मोठ्या गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे दिसतात. कुत्र्याचा ठसा दोन्ही बाजूंनी सारखा, नखं उमटलेली, बोटांच्या आणि गादीच्या मधून फुली मारता येते. चित्ता हा अपवाद, तो मांजरच पण त्याची नखं पूर्ण आत जात नाहीत म्हणून उमटतात. तरस दिसायला कुत्र्यासारखं असलं तरी वेगळ्याच कुळातलं, नखं बोथट उमटतात आणि गादीची मागची कड तिरकी असते. सिंहाचा ठसा साधारण 12-13 सेंटिमीटर, बिबट्याचा 9च्या आसपास. तरसाची विष्ठा वाळली की पांढरीफटक होते कारण ते हाडं चावून खातं आणि कॅल्शियम मागे राहतं, ही खूण नवख्यालाही लगेच ओळखू येते.

हत्तीचा ठसा परातीएवढा असतो त्यामुळे तो कुणाचा हे कुणी विचारत नाही, पण त्यात बघण्यासारखं खूप असतं. पुढचा पाय गोल, मागचा लांबट. तळव्याच्या भेगा उमटतात आणि त्या प्रत्येक हत्तीच्या वेगळ्या, म्हणून दोन कळपांचे माग एकमेकांत मिसळले तरी चांगला ट्रॅकर एकच हत्ती धरून ठेवतो. पुढच्या पायाचा घेर दोरीने मोजून दुप्पट करा, खांद्याची उंची साधारण तेवढी येते, आपल्याकडचे माहूतही हा हिशोब सांगतात. गेंड्याला तीन बोटं. पांढऱ्या गेंड्याच्या ठशाला मागच्या बाजूला ठळक खाच असते, काळ्या गेंड्याचा ठसा लहान आणि मागून गोलसर. पण दोघांतला फरक मला शेणावरूनच जास्त आवडतो. पांढरा गेंडा गवत चरतो, तर काळा झुडपांच्या काड्या खातो, आणि त्याच्या शेणात त्या काड्या कात्रीने तिरक्या कापल्यासारख्या स्वच्छ दिसतात. आमच्या गाईडने बुटाच्या टोकाने वाळलेला गोळा फोडला, त्यातून काडी उचलली आणि काही न बोलता माझ्या हातावर ठेवली. पेन्सिलच्या निम्म्या जाडीची असेल, टोक पंचेचाळीस अंशात कापलेलं, धार बोटाला लागत होती. काळा गेंडा म्हणजे तापट स्वभाव, त्यामुळे तो दिसल्यावर आमची रांग आपोआप जवळ जवळ आली.

बरं आता "कधीचा". इथे घाई करू नका.

सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे एकावर एक पडलेल्या खुणा. सफारीची गाडी सकाळी साडेसहाला त्या रस्त्याने गेली हे गाईडला माहीत असतं. सिंहाचा ठसा टायरच्या नक्षीवर असेल तर सिंह साडेसहानंतर गेला, नक्षीच्या खाली दबलेला असेल तर त्याआधी, ह्यात वादच नाही. गाडी नसेल तिथे किडे कामाला येतात. वाळूत रात्रभर बारीक किडे, गोगलगायी, उंदीर फिरत असतात आणि त्यांच्या दोरा ओढल्यासारख्या रेषा उमटतात. मोठ्या ठशाच्या आतून अशी रेषा गेली असेल तर ठसा निदान कालच्या रात्रीइतका जुना. रेषेवर ठसा असेल आणि रेषा तिथे तुटली असेल तर सकाळचा. थंडीत झाडाखाली दव टपकतं, त्याचे वाळूवर बारीक खळगे पडतात, ठशात ते खळगे दिसले तर जनावर पहाटेच्या आधी गेलेलं आहे.

मग ठशाची कड. ताज्या ठशाची कड तीक्ष्ण असते, आतली माती बाहेरच्या मातीपेक्षा थोडी गडद असते कारण खालचा ओलावा वर आलेला असतो, उन्हात हा रंग लवकर जातो आणि सावलीत टिकतो, त्यामुळे एकाच जनावराचे दोन ठसे एक उन्हात आणि एक सावलीत वेगवेगळ्या वयाचे वाटू शकतात. दुपारी वारा सुटला की कडा ढासळतात आणि तासाभरापूर्वीचा ठसाही जुना दिसायला लागतो. म्हणून ट्रॅकर लोक ठशाशेजारी स्वतःचं बोट किंवा बूट दाबतात आणि तुलना करतात, तुम्हीही करा, लाज वाटायचं कारण नाही. हत्तीने मोडलेली फांदी बघा, रस ओला आहे का, पानं ताठ आहेत की मलूल झाली. शेणाचं बाहेरून काही सांगता येत नाही, उन्हात वरची साल पटकन सुकते, आत ओलं आणि कोमट आहे का ते बघायचं आणि त्यासाठी बोट घालायचं. हो, बोट. हत्ती खाल्लेल्यातलं निम्म्याहून कमी पचवतो त्यामुळे त्याचं शेण म्हणजे बरचसं चावलेलं गवत आणि सालीच असतात, वासही फार नसतो. सॅनिटायझर मागून लावा.

ह्या "कधीचा" ची तालीम पुण्यात फुकट होते. एप्रिल-मेमध्ये तळजाईच्या किंवा वेताळ टेकडीच्या पायवाटांवर फुफाटा साचतो, त्यावर सगळं उमटतं, कुत्री, मोर, मुंगूस, क्वचित ससा. पहाटे फिरायला येणाऱ्यांचे बूट हे तिथलं घड्याळ. साडेपाच ते आठ त्यांची गर्दी, त्यामुळे कुत्र्याचा पंजा बुटाच्या नक्षीखाली असेल तर कुत्रं बहुधा रात्रीचं, नक्षीवर असेल तर बहुधा आठच्या पुढचं. मी एकदा उकिडवा बसून हेच बघत होतो तर एक काका थांबले, म्हणाले, "काय हो, किल्ली पडली का?" म्हटलं, "नाही काका, हे कुत्रं कधी गेलं ते बघतोय." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "ते रोज सातला जातं, भुऱ्या आहे तो." तर अशीही माहिती मिळते, घ्यायची. तुम्ही सकाळी एका जागी उन्हात आणि एका जागी सावलीत तळहात दाबून ठेवा, दुपारी बघा, संध्याकाळी बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, प्रत्येक वेळी फोटो काढा. हे आठवडाभर केलंत तर आफ्रिकेत गाईड काय बघतोय ते निदान समजतं.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य किंवा इंदापूरकडची गवताळ माळरानं, चिंकारा, खोकड, लांडगा, तरस सगळ्यांचे माग तिथे असतात, पण वनखात्याचे नियम पाळून, गाईड घेऊन, आणि सांगतील तिथेच उतरा. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडच्या उसाच्या पट्ट्यात मात्र बिबट्याचा माग काढायला हौसेने अजिबात जाऊ नका, तिथे माणसं आणि बिबटे दोघंही आधीच ताणात आहेत. हां, सोसायटीच्या ग्रुपवर "बिबट्याचे ठसे सापडले" असा फोटो आला की आधी नखं उमटलीत का बघा, बहुतेक वेळा भुऱ्याच असतो.

आणि ठशावर किती विश्वास ठेवायचा ह्याचीही एक हद्द आहे. आपल्याकडे 1960च्या दशकापासून वाघांची गणती पंजाच्या ठशांवर व्हायची, 2004-05मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात वाघच उरले नाहीत हे बाहेर आलं आणि मग ती पद्धत मागे पडून जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप आले. ठशावरून जनावर कुठलं हे सांगता येतं, पण नेमका तोच वाघ का हे छातीठोक सांगणं अवघड, बोट नसलेलं असं काही व्यंग असेल तरच.

परत आफ्रिकेत. उजेडाचं गणित असं की भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना ठसे जवळजवळ गायब होतात, कारण सावलीच पडत नाही. साडेतीन-चारनंतर ऊन तिरकं झालं की तीच जमीन एकदम भरून जाते. ठसा नेहमी तुमच्या आणि सूर्याच्या मधे ठेवा, म्हणजे सूर्याकडे तोंड करून बघा, कडेची सावली तुमच्या बाजूला पडते आणि उठून दिसते. पायाखाली बघत चालू नका, नवखा माणूस हमखास हेच करतो. पाच-दहा मीटर पुढे बघा, मागाची ओळ दिसते, सुटे ठसे नाही दिसले तरी चालेल.

माग हरवला तर, आणि तो हरवणारच, शेवटच्या पक्क्या ठशापाशी काडी रोवा आणि ती सोडून कुठेही भटकू नका. एका काडीवर दोन ठशांमधलं अंतर मोजून खूण करा, ती काडी शेवटच्या ठशावर ठेवून अर्धवर्तुळात फिरवा, पुढचा ठसा त्याच परिघात कुठेतरी असतो, मुडपलेली गवताची काडी किंवा उलटलेला खडा एवढाच असेल पण असतो. तरी नाही सापडला तर जनावराच्या जागी स्वतःला ठेवायचं, तीन वाजलेत, ऊन आहे, हा म्हातारा गेंडा आहे, कुठे जाईल? सावलीला. आणि पाच वाजता? पाण्याला. मग सरळ पुढच्या ओढ्याच्या वाळूत जाऊन तिथे माग आडवा जातो का ते बघायचं. कलहारी वाळवंटातले सान आदिवासी ह्यात उस्ताद. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं फिरलेले लुई लीबेनबर्ग म्हणतात की अंदाज बांधणं आणि जमिनीवर तो तपासणं ह्या सवयीतच विज्ञानाचं मूळ आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या ट्रॅकरनाही नोंदी करता याव्यात म्हणून त्यांनी नुसत्या चित्रांवर चालणारं सायबरट्रॅकर सॉफ्टवेअर केलं. मला हे एकदम पटतं, कारण माग काढताना बाकी काही नाही, सारखं स्वतःचं म्हणणं खोडून काढत जावं लागतं.

वारा. गाईडच्या हातात राखेची छोटी पुरचुंडी असते, तो ती सारखी झटकत असतो, राख कुठे जाते ते बघत. वारा आपल्या तोंडावर आला पाहिजे. हत्ती आणि गेंडा दोघांची नजर कमजोर पण नाक भयंकर, तुमचा वास गेला की संपलं. दुपारी तापलेल्या जमिनीमुळे वारा भोवऱ्यासारखा दिशा बदलत राहतो म्हणून लांबचा वळसा घ्यावा लागतो, तेव्हा "सरळ का नाही जात" असं विचारू नका.

आणि कान. कॉल म्हणजे शिकारी जनावर दिसल्यावर बाकीच्यांनी दिलेली धोक्याची हाक, ताडोबाला जाणाऱ्यांना हे सांगायला नको. आफ्रिकेत चितळाच्या जागी इम्पाला हरीण फुरफुरतं आणि सगळा कळप एकाच दिशेला टक लावतो. व्हर्व्हेट माकडांचे बिबट्या, गरुड आणि साप ह्यांच्यासाठी वेगवेगळे आवाज असतात, गाईडला विचारून घ्या. गेंड्याच्या आणि रानम्हशींच्या (बफेलो) अंगावर गोचिड खाणारे ऑक्सपेकर पक्षी असतात. दाट झुडपातून ते एकदम कर्कश ओरडत उडाले तर त्यांच्या खाली कुणीतरी उभं आहे, आणि त्याला तुमचा पत्ता लागलेला आहे.

समोरासमोर आलात तर गाईड सांगेल ते आणि तेवढंच. सिंहासमोर पळायचं नाही, पळालात की तुम्ही शिकार. उभं राहायचं, त्याच्याकडे तोंड ठेवून खुणेनुसार हळूहळू मागे. गेंडा अंगावर आला तर जाड झाड किंवा वारूळ मधे घ्यायचं. गाईड लोकांना सगळ्यात जास्त धास्ती सिंहाची नसते, दाट झाडीत एकट्या बसलेल्या म्हाताऱ्या बफेलोची असते, तो इशारा न देता येतो. पाणघोडा दिवसभर पाण्यात आणि अंधार पडताना चरायला बाहेर, म्हणून सूर्य मावळायच्या आत नदीकाठ सोडायचा, आणि तो आणि पाणी ह्यांच्यामधे कधीच उभं राहायचं नाही. ह्या सगळ्यात फोटो काढायला जो रांग मोडतो त्याला पुढच्या वॉकला नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गेंडा दिसलाच तर फोटो टाकताना लोकेशन बंद करा, जागेचं नाव, ओढ्याचं नाव काही लिहू नका, शिंगासाठी मारणारे लोक असे फोटो बघत बसलेले असतात. ड्रोन तर क्रूगरला घेऊनच जाऊ नका, बंदी आहे.

कॅम्पवर आल्यावर आधी ट्रॅकरला टिप द्या, गाईडपेक्षा कमी नको, बहुतेक वेळा माग त्यानेच धरलेला असतो. मग अंघोळीला जा आणि गोचिड तपासा, गुडघ्यामागे, काखेत, पँटच्या पट्ट्याखाली, बारीक असतात, तिळाएवढ्यासुद्धा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल, चुना, काडेपेटी असले घरगुती प्रयोग नकोत. घरी आल्यावर दहाएक दिवसांत ताप, डोकेदुखी आणि चावलेल्या जागी काळा डाग दिसला तर डॉक्टरांना "आफ्रिकेत गोचिड चावली होती" हे स्वतःहून सांगा. क्रूगरसारख्या मलेरियाच्या भागातून आला असाल आणि पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर प्रवासाचं सांगून मलेरियाची टेस्टसुद्धा मागून घ्या, नाहीतर डेंग्यू, चिकुनगुन्याच्याच टेस्ट करत बसतील.